सावली पाहून घेतलेली घरं

शिबिर संपलं की मी दरवर्षी भाभींना सांगायची, "हे शेवटचं." भाभी मोठं पातेलं पायरीवर उपडं घालत म्हणायच्या, "हाव, मागच्या सालीबी शेवटचंच होतं." आणि पुढच्या चैत्रात आम्ही तिघं पुन्हा शाळेच्या व्हरांड्यात बसून डाळ किती, तांदूळ किती, टँकर कोणाच्या ओळखीनं मिळेल, याचा खल करत असायचो. एकदा गळ्यात पडलेली गोष्ट अशी सहजासहजी सुटत नाही.

तिघं म्हणजे मी, सर आणि भाभी. मी शाळेतली बाई, आता निवृत्त. सर माझे हेडमास्तर, माझ्या आधी निवृत्त झालेले आणि कानांनी पार अधू. ऐकू येत नाही हे ते मान्य करत नसत, समोरचाच पुटपुटतो असं त्यांचं म्हणणं. भाभींचं जुन्या गावात बांगड्यांचं दुकान होतं. शिबिराचा स्वयंपाक पहिल्यापासून त्यांच्याकडे. आम्ही तिघंही एकाच गावचे, आणि ते गाव धरणाच्या पाण्यात गेलेलं. नवीन गावठाण मिळालं ते चिखलीच्या बाजूला, उघड्या माळावर. कुदळ मारली की ठिणगी उडेल असा मुरूम. सरकारी पाटीवर गावाच्या नावापुढे 'पुनर्वसित' असं लिहिलेलं, आणि आजूबाजूच्या गावांत आम्हाला अजून 'धरणवाले' म्हणतात.

शिबिर सुरू झालं ते एका भीतीपोटी. उठून आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली आणि पोरं जुन्या गावाकडे पळायला लागली. पाणी उतरलं की देवळाचा चौथरा, एखादी भिंत वर यायची. पोरं गाळातून चालत तिथपर्यंत जायची. एक पोरगा गाळात कमरेपर्यंत रुतला आणि गुराख्यानं दोर टाकून त्याला ओढून काढला. तेव्हा सर म्हणाले, सुट्टीत पोरांना इथंच गुंतवून ठेवायचं. गाणी, खेळ, थोडं गणित, दोन वेळचं जेवण. एका उन्हाळ्यापुरतं म्हणून सुरू केलं आणि आमचे केस त्यातच पिकले.

पुढं पोरं वेगळ्या कारणानं यायला लागली. बीटी कापूस आला तेव्हा आमच्या मुरमातही पहिली काही वर्षं बरा पिकला. लोकांनी टिनावर टिन चढवून खोल्या वाढवल्या. मग गुलाबी बोंडअळी आली, फवारे मारून हात सोलले, आणि ज्या वर्षी पिकलं त्या वर्षी भाव नाही. आज वाढेल, उद्या वाढेल म्हणून कापूस घरातच राहायचा. अर्ध्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि उरलेल्या अर्ध्यात माणसं. ऊन तापलं की त्या ढिगातून कसले तरी बारीक किडे निघत आणि अख्खं घर खाजवत बसे. पोरं शिबिरात यायची तीच अंगावर लाल चट्टे घेऊन. आमचा पहिला कार्यक्रम म्हणजे कडुनिंबाचा पाला उकळून आंघोळी. नंतर नव्या बुद्धविहाराच्या सभागृहातल्या गार फरशीवर ती अशी झोपायची की दुपारच्या जेवणाला उठवताना जीव नको व्हायचा. प्रार्थना, गाणी, बोधकथा हे आमचं कौतुक. पोरांना शिबिर म्हणजे झोप.

पण आमचं जे खास होतं ते 'गाव मांडणं'. पहिल्या दिवशी सकाळी सर मैदानावर चुन्याच्या फक्कीनं जुनं गाव आखत. दक्षिणेला नदी, मग वेस, पाटलांची गढी, आमचा विहार, मशिदीची बोळ, कुंभारगल्ली, पूर्वेला बाजारओळ आणि तिच्यात भाभींचं दुकान. आखून झालं की शिट्टी वाजे आणि पोरं धावत जाऊन आपापल्या घराच्या जागी उभी राहत. ते पाहायला म्हाताऱ्याकोताऱ्या यायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. सुरुवातीच्या वर्षांत पोरं खरोखर आपल्या दारात उभी राहायची. एक मुलगी तर उंबरा ओलांडताना वाकायची, कारण त्यांची चौकट बुटकी होती. मी तेव्हा भरपूर रडले आहे, आणि पुढंही दरवर्षी रडत राहिले. पोरं बदलली, मोठी झाली, नवीन आली. आम्ही मात्र त्याच जागी उभे राहून त्याच वेळी डोळे पुसत होतो.

मी सांगते आहे त्या वर्षी माझे गुडघे गेले होते. पायरी चढायची म्हटलं की आधी भिंत शोधायची. सरांचा तोल जायचा. भाभींची कंबर वाकलेली, पण पातेलं दुसऱ्याला उचलू देतील तर शपथ. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशात सुनेचं बाळंतपण माझ्याकडे. मी इतकी थकले होते की शिबिराचं नाव निघालं तरी मला रडू यायचं. आता हे कोणाच्या तरी ओटीत टाकायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच मला हवं होतं.

आणि ते कोणाच्या ओटीत टाकायचं हेही ठरलं होतं. एक पोरगी होती. गाव उठल्यावर इथंच जन्मलेली, लहानपणापासून शिबिरात येणारी, मोठी झाल्यावर खेळ घेणारी. त्या वर्षी ती चिखलीच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आली होती. पोरं तिला ताई म्हणत आणि आम्ही तिघं ओरडून जे होत नसे ते तिच्या एका भुवईनं होई. भाभींची तर ती लाडकी, कारण लहानपणी गाव मांडताना ती न चुकता भाभींच्या दुकानाच्या जागी उभी राहायची. तिच्या घरच्यांचं जुनं घर वेशीजवळचं. पण तिला आपल्या दुकानाची ओढ आहे, असं भाभी मानून चालल्या आणि दरवेळी तिला गुळाचा खडा द्यायच्या. समारोपाला सरांनी माइकवर जाहीर करायचं की पुढच्या वर्षीपासून शिबिर ही पोरगी चालवेल, असं आम्ही ठरवून टाकलं. तिला विचारायचं कोणाला सुचलं नाही. आपल्या घरच्या पोरीला काय विचारायचं?

पहिल्या दिवशी सरांना चक्कर येत होती म्हणून मी फक्की तिच्या हातात दिली. व्हरांड्यातून बघते तर तिनं अख्खं गाव मैदानाच्या पूर्वेला, कडुनिंबांच्या रांगेखाली, दाटीवाटीनं कोंबलेलं. गढी, वेस, विहार, सगळं सावलीत. सर काठी टेकत तिथवर गेले आणि नदी कुठं आहे म्हणून रागावले.

"नदी राहू द्या ना सर उन्हात," ती म्हणाली.

सर म्हणाले की हा पोरखेळ नाही, जागच्या जागी घर असलं पाहिजे, नाहीतर पोरांना कळणार कसं. तेव्हा ती थोडी थांबली आणि त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं बोलली. त्यामुळे ते आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं.

"पोरायले काही माहीत नाही, सर. ते सावली पाहून घर धरतात. मीबी तेच करत होती."

मला आधी हसू फुटलं. कारण एका क्षणात सगळं उलगडलं. गढीत कधीच कोणी उभं का राहत नव्हतं? तर मोठ्या घराची माणसं शहरात गेली, वैभव गेलं की वारस फिरकत नाहीत, असं सर दरवर्षी हळहळून सांगायचे. गढी भर उन्हात होती, एवढंच. आणि कुंभारगल्लीत वर्षानुवर्षं गर्दी, कारण तिथं सगळ्यात दाट निंब होता. मी डोळे पुसत होते ते पोरांच्या पायांना चटका बसत नव्हता म्हणून. पण जुनं गाव आम्ही पोरांच्या डोक्यात जपून ठेवलंय, या एका समजुतीवर मी इतके उन्हाळे उभी राहिले होते.

सरांनी चहाही घेतला नाही. भाभींनी डाळ ढवळायची कडची तशीच हातात धरून विचारलं, की मग माझ्या दुकानावर सावली होती म्हणून उभी राहत होतीस का? ती खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. म्हणाली, सावली होती, आणि गूळ मिळायचा. भाभी चुलीकडे वळल्या. त्या दिवशीची डाळ इतकी खारट झाली की पोरांनी पाणी ओतून खाल्ली.

पुढचे दिवस कसेबसे ढकलले. टँकर एक दिवसाआड यायचा. दुपारी लाइट जायची. एका पोराला उलट्या झाल्या तेव्हा त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात नेलं, तेही त्या पोरीनंच. सर रोज येत, गणित घेत आणि मान खाली घालून घरी जात. संध्याकाळी पोरांचे बाप मैदानाच्या कडेला येऊन बसत. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आता बियाणं कोणतं घ्यायचं, कोणत्या पाकिटावर अळी येत नाही, अशा गप्पा. येत नाही असं एकही पाकीट नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. ते ऐकतानाही मला थकवा यायचा.

समारोपाच्या आदल्या दुपारी मी तिच्याजवळ बसले. ती राखेनं पातेलं घासत होती. मी एकदाचं सांगितलं, की उद्या तुझं नाव जाहीर होणार आहे. तिनं पातेलं खाली ठेवलं. पुण्याला एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर तिला काम मिळालं होतं, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या ओळखीनं. बाप नाही म्हणत होता, म्हणून ती गप्प होती. मला राग आला. खोटं कशाला बोलू, सपाटून राग आला. मी तिला ऐकवलं, की ज्या गावानं तुला मोठं केलं त्याला पाठ दाखवतेस, एवढ्या पोरांचं काय होईल, गाव असंच एकेक करून मोडतं. आमचं कसं मोडलं ते माहीत आहे ना तुला?

"तुमचं गाव पाण्यात गेलं, बाई," ती म्हणाली. "माझं हेच आहे, मुरमाचं. मले इथून कोणी उठवून नाही राह्यलं. मी माझ्या पायानं चालली."

मी उठायला गेले तर तिनंच हात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सतरंज्या घातल्या, माइक आला, लोक जमले. सर पोरीचं नाव लिहिलेला कागद खिशात ठेवून खुर्चीत बसले होते. त्यांना मी अजून काही सांगितलं नव्हतं. तेवढ्यात पोरीचा बाप मला बाजूला घेऊन गेला. तो माझा विद्यार्थी. गाव उठलं तेव्हा नुकतं लग्न झालेलं, आणि बैलगाडीवर चढायला तयार होईना म्हणून त्याला पोलिसांनी दंडाला धरून बसवलं होतं. माझा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला नाही. पोरगी मागोमाग येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी म्हणान तं थांबते पोरगी," तो म्हणाला. "पुण्याचं तिच्या डोक्यातून मी काहाडतो. तुमी फक्त म्हना."

खरंच एवढंच करायचं होतं. 'थांब' म्हटलं असतं तर तो तिला थांबवणार होता, आणि मी त्या संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरून झोपले असते. पुढच्या चैत्रात कोणी माझं दार वाजवलं नसतं. मी पोरीकडे पाहिलं. तिनं विनवलं नाही, डोळेही खाली केले नाहीत. माझ्या तोंडून काय निघतं त्याची ती वाट पाहत होती, आणि तिला भीती वाटत होती हे मला दिसत होतं.

"जाऊ दे तिला," मी म्हणाले.

त्यानं विचारलं, मग शिबिराचं काय? मी म्हटलं, ते माझं मी बघते. त्यानं मान फिरवून सतरंज्यांवर बसलेल्या लोकांकडे पाहिलं. रागावला असं वाटलं, पण तो रागावला नव्हता.

"आपल्याले कुठं कोणी इचारलं होतं बाई, जाता का म्हणून," तो म्हणाला.

"नव्हतं विचारलं," मी म्हणाले. "तू विचार तिला."

तो वळला. पोरीला काही विचारायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे घसा खाकरून, परक्या माणसाशी बोलावं तसं त्यानं विचारलं, "जाशीन काय वं माय?"

ती "हाव" म्हणाली. मी भिंतीला हात लावत सरांकडे निघाले, त्यांच्या खिशातल्या कागदावर माझंच नाव लिहायला सांगायचं होतं.