तारपा मांडीवरच राहिला

बोईसरच्या आमच्या लोकसंगीत महोत्सवात दरसाल तारपा, म्हणजे भोपळ्याचं लांब फुंकवाद्य, वाजवायला एक आदिवासी वादक डोंगरातून यायचा. काही विचारलं की आधी तारप्याच्या भोपळ्यावर दोन टिचक्या, मग उत्तर. माझं डोकंच फिरायचं.

त्या साली पाहुण्यांच्या सोयीसाठी आम्ही तारीख अलीकडे ओढली. मंडप भरला, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून उभे राहिले, आणि हा मात्र तारपा मांडीवर घेऊन बसलेला.

मी खेकसलो, "वाजव की!"

दोन टिचक्या. "नवं भात अजून देवाला दावलं नाय. त्याच्याआदी आमी वाजवत नाय."

"मग आलास कशाला?"

"तुमी बोलावलं म्हनून."

पाहुणे तडकाफडकी निघून गेले. शिट्ट्या वाजल्या, खुर्च्या आपटल्या. तो मंडप रिकामा होईपर्यंत तिथेच बसून राहिला.

पुढच्या साली तारीख ठरवण्याआधी मी त्याच्या शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो.