न मुरवलेले बांबू

डिप्लोमा हातात आला तेव्हा मी स्वतःला चंद्रपूरची मोठी इंजिनियर समजत होते. गवंड्याची लेक, त्यात आमच्या वस्तीतली पहिली डिप्लोमावाली. डोकं जागेवर राहणार कसं? ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. गडचिरोलीच्या जंगलात एक संस्था मुलींचं वसतिगृह बांधत होती आणि ते काम एका स्पॅनिश वास्तुविशारद बाईंकडे होतं. त्यांच्या हाताखाली मला सहा महिन्यांसाठी घेतलं. काम पटलं तर कायम. नोकरी गेली तर मुकाट्यानं लग्नाला उभं राहायचं, असं घरून बजावलेलं.

बाई पन्नाशीच्या, हिंदी मोडकंतोडकं. कागदावर नकाशा काढण्याआधी त्या जमिनीवर चुन्यानं रेघा आखायच्या आणि गावातल्या बायकांना त्यांतून चालायला लावायच्या. एखादी म्हणाली, "चूल इथी नको, धूर कोंडते," की बाई लगेच रेघ पुसायच्या. मला तो पोरखेळ वाटायचा.

छपराचे बांबू आले तेव्हा बाई आजारी आईला भेटायला दोन महिने स्पेनला गेल्या होत्या. बांबूचं काम बघणारा गोंड म्हातारा मला म्हणाला, "बाई, महिनाभर नाल्यात मुरू दे. नाई तं घुण लागते." मी त्याला कामाची मुदत सुनावली आणि बांबू तसेच चढवून घेतले. बाईंनी परत आल्यावर विचारलं, मुरवले ना? मी बिनदिक्कत मान डोलावली.

दिवाळीनंतर घुणकिड्यांनी पोखरलेल्या छपरातून पिवळा भुगा गळू लागला. मुलींच्या अंथरुणात, ताटात, केसांत. संस्थेच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारलं, "कच्चे बांबू कोणी चढवले?" बाई उठल्या. "काम मेरा, गलती मेरी."

अध्यक्षांनी दवाखान्याचं पुढचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

बाहेर आल्यावर मी रडत सगळं कबूल केलं. "मालूम है," त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदाच स्वतःबद्दल बोलल्या. माद्रिदमधल्या पहिल्या नोकरीत त्यांचा एक जिना चुकला होता. पुरुषांच्या चुका तिथे दुरुस्त व्हायच्या. यांच्या चुकीवरून मात्र बाईमाणसाला हे जमायचं नाही, असं ठरलं. सात वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे नकाशे गिरवले. त्यांनी आखलेली शाळासुद्धा साहेबाच्या सहीनं उभी राहिली. स्वतःच्या सहीची पहिली इमारत झाली तेव्हा चाळिशी उलटली होती.

"तुमको सात साल नहीं बिठाना," एवढंच म्हणून त्या चहा प्यायला गेल्या.

पुढे मी कायम झाले, माझ्या सहीनं इमारती उभ्या राहिल्या. त्याचं श्रेय मी त्या बाईंना देते, दुसऱ्या कुणाला नाही.

पण बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी आधी नाल्यावर गेले. म्हातारा कमरेइतक्या पाण्यात उभा राहून नवे बांबू दगडांखाली दाबत होता.

"बाबा, चूक माही होती. तुमचं आयकलं नाई मी."

"मले मालूम हाय," तो वर न बघता म्हणाला. "काल तुही बाई आली होती घरी. पोरीवर राग धरू नका, तिले बांबू शिकवा म्हणे. एवढी मोठी बाई, हात जोडले तिनं माह्यासमोर." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काठावर काऊन उभी हायेस? उतर पाण्यात."