शिट्टीसाहेबांचा दुधी

बाटल्यांच्या कारखान्यात शिट्टी फुंकून पाळी सुरू करणारा माणूस निवृत्त झाला, म्हणून कारखान्याचं काही अडत नाही. अडतं ते त्याच्या घरच्यांचं. निरोपाच्या दिवशी शिट्टीसाहेबांनी खुर्ची परत केली, कपाटाची किल्ली परत केली, आणि शिट्टी तेवढी खिशात घालून घरी आणली. तेव्हापासून सकाळी शिट्टी, की चहा. दुपारी शिट्टी, की जेवण. शिट्टीआधी कुणी तोंडात घास घातला, तर साहेब असे बघत, जणू कारखान्याची भट्टीच फुटली.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली ताई म्हणे, कारण तिच्या धाकट्या भावाच्या हाका दिवसभर गल्लीला ऐकू येत. "ताई, चहा!" "ताई, जरा ती उशी!" हे बंधुराज फोटो स्टुडिओत टिकले नाहीत, घड्याळाच्या दुकानात टिकले नाहीत. टिकले ते बहिणीच्या व्हरांड्यातल्या खाटेवर, पोटावर रेडिओ ठेवून. आयुष्यात एकच भूमिका मिळाली, पण काय रंगवली होती महाराजा! रेडिओचे सेल संपले, तर ते बदलायलाही ताईच यायची.

त्या उन्हाळ्यात साहेबांनी परसात भाजी लावायचं मनावर घेतलं. भेंडीचे वाफे दोरी धरून आखले, टोमॅटोची रोपं उंचीप्रमाणे रांगेत उभी केली, आणि भिंतीलगत बांबूचा मांडव घालून त्यावर दुधीचा वेल चढवला. दुधी हा या प्रयोगातला नायक. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंना साहेबांनी भिंतीवरूनच बजावलं, "या उन्हाळ्यात दुधी विकत घेऊ नका. आमच्याकडून येईल."

वेल फोफावला. संध्याकाळी पांढरी फुलं उमलू लागली. साहेबांनी चष्मा लावून पाहणी केली, तर बहुतेक फुलं लांब दांड्यांवर नुसतीच डोलत होती. एखाद्याच फुलामागे बोटाएवढा केसाळ दुधी होता.

"पाहिलंस?" ते बायकोला म्हणाले. "इथेही कामचुकारांची भरती! मागे फळ नाही, काही नाही. पाणी प्यायचं, खत खायचं आणि वाऱ्यावर डुलायचं." बोलता बोलता त्यांची नजर व्हरांड्यातल्या खाटेकडे गेली.

"अहो, फुलं आहेत ती. राहू द्या की."

"पाळीवर एक रिकामा हात मी कधी ठेवला नाही. वेलावर ठेवीन?"

झालं. रोज संध्याकाळी शिट्टी वाजायची आणि बिनफळाचं एकूण एक फूल खुडलं जायचं. त्याच झटक्यात मेहुण्याचाही निकाल लागला. "उन्हाळा संपला, की या घरात फक्त उपयोगी माणसं राहतील," साहेब जेवताना म्हणाले.

बंधुराजांनी आणखी भात मागितला. ताईनं मात्र आपलं ताट तसंच बाजूला सारलं. भाऊ ऐतखाऊ होता, लोळत होता, सगळं खरं. पण आई गेली तेव्हा तो हिच्या कडेवर होता. आता तो जाईल कुठे, हा प्रश्न त्याला पडत नव्हता, म्हणून हिला पडत होता.

आणि दुधी? बोटाएवढा असतानाच पिवळा पडे, सुके, गळून जाई. साहेबांनी खत वाढवलं, पाणी वाढवलं, शेवटी वेलासमोर उभं राहून त्याला झाडलंसुद्धा. शेजारच्या बाई भिंतीवरून विचारत, "काय साहेब, आज जाऊ ना मग बाजारात?"

एकदा हे ऐकून साहेबांचं डोकं असं फिरलं, की त्यांनी पाण्याच्या भरलेल्या बादल्या दोन्ही हातांनी एकदम उचलल्या. कंबरेत चमक भरली आणि साहेब जमिनीवर बसले ते शेजाऱ्यांनी उचलून आत नेले. डॉक्टरांनी बजावलं, अंथरुणातून हलायचं नाही.

हलता येत नसलं, तरी शिट्टी फुंकता येते. साहेबांनी मेहुण्याला हुकूम दिला, "आजपासून फुलं तू खुडायची. जमलं तर राहशील. नाही जमलं तर वळकटी बांधायची."

"बरं, भाऊजी."

शिट्टी झाली. बंधुराज उठले, चक्क उठले, आणि मांडवामागे गेले. जरा वेळानं येऊन म्हणाले, "खुडली." साहेबांना खिडकीतून फक्त भेंडी दिसत होती. त्यांनी पुरावा मागितला. तेव्हापासून बंधुराज वाडगाभर कोमेजलेली फुलं आणून दाखवू लागले.

भाऊ कामाला लागला, या आनंदात ताई त्याच्या चहात जास्त साखर घालू लागली. मग एका संध्याकाळी, शिट्टीच्या आधी, ती वाळलेले कपडे काढायला परसात गेली. मांडवामागे उलट्या बादलीवर बंधुराज बसले होते, पाय पसरून, विडी ओढत. ही जागा त्यांना इतकी मानवली होती, की हल्ली ते शिट्टीचीही वाट बघत नसत. डोक्यावर सगळी फुलं जागच्या जागी होती. पतंगासारखी बारीक पाखरं त्या रिकाम्या फुलांत शिरून अंगाला पराग माखून घेत होती, आणि तिथून उडून फळवाल्या फुलांत जात होती. पानांआड दुधी लोंबत होते, काही मुठीएवढे, काही हातभर.

"अरे, फुलं खुडत नाहीस?"

"ताई, खरं सांगू? हात वर धरावे लागतात. खांदे भरून येतात. सकाळी आपोआप गळतात, ती गोळा करतो."

"आणि हे दुधी?"

बंधुराजांनी मान वर केली. "अरेच्चा! हे कधी लागले?"

ताईच्या सगळं ध्यानात आलं. नवऱ्याच्या हुशारीनं वेल वाया गेला होता आणि भावाच्या आळसानं तो फळला होता. दोघांपैकी कुणाचं कौतुक करावं असं तिला वाटेना.

इतक्यात काठी टेकत साहेबच परसात आले. आज पहिल्यांदाच उठले होते.

"लागले! शिस्त म्हणतात ती ही!" त्यांचा आवाज गल्लीपार गेला. मग नजर वर गेली. "आणि ही फुलं का लटकताहेत?"

बंधुराजांनी विडी विझवली आणि तोंड उघडलं. खोटं रचायचे कष्ट हा घेणार नाही, आता खरंच बोलून मोकळा होईल, हे ताईनं ओळखलं.

"शिट्टी कुठे झालीय अजून?" ती म्हणाली.

साहेबांनी खिसा चाचपला. "हो, तेही बरोबर." त्यांनी शिट्टी फुंकली. आता मात्र इलाज नव्हता. बंधुराजांनी कण्हत हात वर केले आणि एकेक करून बिनफळाची सगळी फुलं खुडली. पाखरं मोकळ्या दांड्यांभोवती घोटाळत राहिली.

"शाबास! राहा तू. मांडव यापुढे तुझ्याकडे," साहेब म्हणाले. पहिला दुधी त्यांनी भिंतीवरून शेजारच्या बाईंच्या हातात ठेवला. "बाई, सगळी शिस्तीची करामत."

"आणि खांद्यांची," बंधुराज खांदा चोळत म्हणाले.

भाऊ राहिला. ताईनं सुटकेचा श्वास सोडला, आणि उघड्याबोडक्या वेलाकडे बघून तो पुन्हा आत ओढला.

दुसऱ्या दिवशी साहेब आंघोळीला गेले, तेव्हा तिनं त्यांच्या सदऱ्याच्या खिशातली शिट्टी काढली आणि तांदळाच्या डब्यात पार तळाशी खुपसली.

संध्याकाळी घर उलथंपालथं झालं. गाद्या झाल्या, कपाटं झाली, साहेब काठीनं खाटेखाली ढोसत होते.

"भाऊजी, मी केव्हाचा तयार आहे," खाटेवरून आवाज आला.

"शिट्टीशिवाय काम सुरू होत नसतं! आणि अंधार पडल्यावर तर नाहीच. अपघात होतात."

बाहेर अंधारून येत होतं. मांडवावर पांढरी फुलं निवांत उमलत होती. ताईनं विळी पुढे ओढून दुधी चिरायला घेतला.

"सापडेल हो," ती म्हणाली. "घरातच असेल कुठेतरी."