कवळीवाल्यांच्या अँपचं माप

ताईचा फोन आला तेव्हा कवळीवाले एका वरच्या जबड्याच्या हिरड्या रंगवत होते.

"गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं रे," ताई म्हणाली. "तू ये इकडे राहायला. कायमचाच ये. तिथे तुझं आहे कोण?"

उत्तर द्यायला त्यांनी जबडा खाली ठेवला आणि तसाच पुन्हा उचलला.

"येतो," ते म्हणाले.

"आणि हे बघ, तो वाजवायचा डबा आणायचा नाही. इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत. शेजारचे शिंकले की मी रुमाल शोधते."

दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे ते एकतीस वर्षं दात बनवत होते. पेशंट पुढच्या दाराने यायचे आणि पुढच्याच दाराने जायचे. मागे यायचं ते फक्त त्यांच्या तोंडाचं माप, नंबराची चिठ्ठी चिकटवलेलं. त्यात प्लास्टर ओतलं की पांढरा जबडा तयार व्हायचा. तो हातात घेऊन कवळीवाले सांगू शकायचे, की हा माणूस डाव्या बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते, याने तरुणपणी पाइप ओढलेला आहे. पण तोच माणूस रस्त्यात समोर आला असता तर ते बाजूला होऊन त्याला वाट देऊन पुढे गेले असते.

घरी साडेपाचला यायचे. आल्याआल्या गिटारच्या अँपचं, म्हणजे अँप्लिफायरचं, बटण दाबायचे. आतले काचेचे व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असायचे तसले, तापायला दोनएक मिनिटं लागायची, तेवढ्यात नखांतलं प्लास्टर धुऊन व्हायचं. मग सव्वासहापर्यंत गिटार. तरुणपणी चौघांचा बँड होता. गाणाऱ्याचं लग्न झालं, ड्रमवाला विमा कंपनीत गेला, तिसऱ्याने हळूहळू फोन उचलणं बंद केलं. छोट्या कपाटाएवढा हा अँप ठेवायला बाकी कोणाकडे जागा नव्हती म्हणून तो यांच्याकडे राहिला. या घरातच त्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्याच्या आवाजासारखा आवाज त्यांनी दुसरीकडे ऐकला नव्हता. तार जोरात छेडली तर तो किंचाळायचा नाही. आधी जरा दबायचा, मग सावकाश पसरायचा.

डबा नेता येणार नव्हता, पण आवाज नेता आला असता. वाद्यांच्या दुकानात त्यासाठीचं एक यंत्र होतं, जेवणाच्या डब्याएवढं. ते आपल्या अँपला जोडायचं, अँपसमोर माइक ठेवायचा. यंत्र अँपमधून चित्रविचित्र आवाज पाठवतं, अँप ते कसे बाहेर काढतो ते ऐकतं आणि शिकतं. नंतर अँप नसला तरी चालतो. हेडफोन लावायचा आणि वाजवायचं.

"पण काका, तुमचा घ्यायचा कशाला?" दुकानदार म्हणाला. "यात रेडिमेड आवाज शेकडो आहेत. वर आणखी हजारो फुकट उतरवता येतात. लोक आपापल्या अँपचे आवाज टाकत असतात."

"रेडिमेड कवळी घालाल का तुम्ही?"

"मला दात आहेत अजून, काका."

"म्हणून तर हसताय," कवळीवाले म्हणाले आणि यंत्र बांधून घेतलं. निघताना काउंटरवर नव्या व्हॉल्व्हची जोडी दिसली, तीही घेतली. आवाजाचं माप एकदाच घ्यायचं, तर अँप चांगल्या स्थितीत हवा. फोटो काढायला जाताना आपण केस विंचरतोच की.

ते त्यांच्या हाताला लागलेलं वळण होतं. मापावर प्लास्टरचा बुडबुडा राहिला, की ते आधी तो खरवडून काढायचे, मगच पुढचं काम.

बुधवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून त्यांनी मागचं झाकण उघडलं. धूळ पुसली, एक सैल स्क्रू घट्ट केला, काळवंडलेले व्हॉल्व्ह काढून नवे बसवले. अँप असा उजळला, की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास जास्त वाजवलं. जुने व्हॉल्व्ह फडक्यात गुंडाळून दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेले आणि काचेच्या कचऱ्याच्या पेटीत टाकले. काच उगाच घरच्या कचऱ्यात टाकून कोणाचा हात कापायला नको.

शुक्रवारी माप घेतलं. यंत्राने फुसफुस केलं, खालून वर शीळ घातली, खरखरलं, पुन्हा शीळ घातली. पाच मिनिटांनी पडद्यावर दोन शब्द आले, अँप आणि माप, आणि मध्ये एक बटण. तेच सूर वाजवत त्यांनी बटण इकडून तिकडे फिरवलं. फरक कळत नव्हता. मग हेडफोन लावून ते खुर्चीत बसले. माप बिनचूक होतं आणि त्यांना करमत नव्हतं.

हेडफोन बदलला. माइकची जागा बदलून दुसऱ्यांदा माप घेतलं, मग तिसऱ्यांदा. दर वेळी हुबेहूब अँपसारखं, आणि दर वेळी काहीतरी गेलेलं. यंत्रातच खोट असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. अँप रविवारी जाणार होता. एका केस कापायच्या दुकानाच्या मालकाला तो शोभेसाठी हवा होता.

शनिवारी दुपारी दार वाजलं. दारात खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या.

या बाई आणि कवळीवाले यांचं एकोणीस वर्षांचं बोलणं पाण्याच्या पाइपवरून झालेलं होतं. बाई खालून पाइपवर चमचा मारायच्या. दोन ठोके म्हणजे हळू, तीन म्हणजे बंद करा. जिन्यात भेट झाली तर दोघं मान हलवायचे आणि पाइपचा विषय काढायचे नाहीत.

"अहो, तुम्ही आहात?" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, गेलात. जिन्यात खोकी दिसली. म्हटलं, नवीन माणसाला पाइपचे नियम सांगून यावं."

"नवीन माणूस?"

"बुधवारपासून वाजवतोय तो. तुमचा कोणी पाहुणा का?"

"बुधवारपासून मीच वाजवतोय."

"छे," बाई म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी त्यांना आत बोलावलं, एकुलती खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसले. यंत्राची सगळी हकीकत सांगितली. बाईंनी ती मन लावून ऐकली आणि हेडफोन मागितला. त्यांनी तो दोन्ही कानांवर लावला नाही. एका बाजूची वाटी कानामागे सरकवली आणि उरलेल्या एका कानाने ऐकू लागल्या. "तेहतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते मी," त्या म्हणाल्या. "दुसरा कान हाक ऐकायला मोकळा ठेवायचा. वाजवा."

त्यांनी मापावर वाजवलं.

"हा बुधवारचा माणूस," बाई लगेच म्हणाल्या. "अगदी हुबेहूब. तुमचा नाही हा."

"मग माझा कसा होता?"

बाईंनी विचार केला. "घसा बसलेला. म्हणजे ओरडायला जातोय आणि मध्येच लक्षात येतंय, की आपल्याला ओरडता येत नाही. चांगला वाटायचा असं नाही, हं. मी ठोके काय उगाच द्यायचे?"

कवळीवाल्यांनी अँपच्या पाठीकडे पाहिलं. "व्हॉल्व्ह बदलले मी बुधवारी," ते म्हणाले.

"मग घाला की जुने परत."

"टाकले. काचेच्या पेटीत. तिची गाडी गुरुवारी येते."

"असे कसे टाकलेत?"

"मला वाटलं, माप चांगलं यावं."

कवळीवाले अंगठ्याच्या नखातलं प्लास्टर दुसऱ्या नखाने काढत राहिले. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. कोणे एके वर्षी एका म्हाताऱ्यांची कवळी तीनदा परत आली होती. जुनी कवळी मोडली होती आणि 'होती तशीच द्या' एवढंच त्यांचं म्हणणं होतं. तिच्यात पुढचा एक दात किंचित तिरका होता. कवळीवाल्यांनी तो सरळ केला होता. परत आली तेव्हा कडा घासल्या. पुन्हा आली तेव्हा उंची कमी केली. तिसऱ्यांदा चिठ्ठीवर लिहिलं, 'पेशंट हट्टी'.

"मग?"

"मग आली नाही. त्यांनी ती घातली, की पेल्यात ठेवून दिली, देव जाणे."

"पेल्यात," बाई ठामपणे म्हणाल्या.

दोघंही हसले. हसून झाल्यावर खोली पहिल्यापेक्षा जास्त रिकामी वाटली.

"त्या हजारोंमध्ये बघा ना," बाई म्हणाल्या. "दुकानदार म्हणाला ना? एक्स्चेंजमध्ये एकमेकांसारख्या आवाजाची माणसं रोज यायची लाइनवर. दोन भाऊ असले, की आम्ही हमखास फसायचो."

"रेडिमेड नको मला."

"तुमच्या हाताने केलेलं पाहिलं ना आता? लावा."

ही बाई पाइपवर बोलते तशीच बोलते, हे कवळीवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी यंत्र फोनला जोडलं. एकेक माप उतरवायचं, तेच चार सूर वाजवायचे आणि बाईंचा चेहरा बघायचा.

"हा फार शिकलेला आहे," बाई म्हणाल्या.

पुढचा.

"हा काहीतरी विकायला आलाय."

पुढचा.

"याला वाटतंय, सगळे आपल्याकडेच बघतायत. काढा."

लोकांनी मापांखाली चार-दोन ओळी लिहिलेल्या होत्या. कवळीवाले त्या वाचून दाखवू लागले. कोणी अँपची किंमत लिहिली होती, कोणी व्हॉल्व्हचे नंबर. दीड तास गेला. बाईंनी मध्येच चहा मागितला, आणि कप एकच बाहेर राहिलेला दिसला तेव्हा आपला कप खालून घेऊन आल्या. मग एक माप लागलं. त्याखाली लिहिलं होतं, 'काकांच्या घड्याळाच्या दुकानातला अँप. काका गेले. आम्ही झाकण उघडलेलं नाही. जसा आहे तसा.'

कवळीवाल्यांनी वाजवलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "परत."

त्यांनी परत वाजवलं. जोरात.

"तुमचा नाही," बाई म्हणाल्या. "पण तुमच्या घरातला वाटतोय. चुलतभाऊबिऊ."

त्यांनी हेडफोन काढून दिला. कवळीवाल्यांनी तो लावला. कुठल्या तरी न पाहिलेल्या दुकानातला, न पाहिलेल्या माणसाचा आवाज आधी जरा दबला आणि मग पसरला. नीट ऐकलं तर शेवटी वेगळीकडे जात होता, जरा जास्तच उदास होऊन. डोळे उघडले तेव्हा बाई दाराशी उभ्या होत्या, हातात कप.

"दोन वर्षांपूर्वी तुम्ही चार दिवस कुठे गेला होतात ना," त्या म्हणाल्या.

"ताईकडे. तिचे यजमान गेले तेव्हा."

"हं. तेव्हा मी एकदा पाइपवर ठोकून पाहिलं होतं. वर काहीच वाजत नव्हतं, तरी." कपातला गाळ त्यांनी गोल फिरवला. "चला. गॅसवर दूध ठेवलंय."

रविवारी केशकर्तनवाला दोन माणसं घेऊन आला. "चालू करून दाखवू का?" कवळीवाल्यांनी विचारलं. "काही गरज नाही, काका. वर कुंडी ठेवायचीय." अँप जिन्यातून उतरताना खालच्या मजल्यावरचं दार उघडलं गेलं, फटीएवढं. माणसं पुढे गेली तसं ते हळूच लागलं.

ताईच्या घरी त्यांना बाल्कनीकडची खोली मिळाली. ऑपरेशन नीट झालं. सकाळी ते ताईला पायऱ्या मोजत चालवायचे, दुपारी तिच्या गोळ्या, संध्याकाळी साडेपाच ते सव्वासहा हेडफोन. पहिले काही दिवस ताई लांबून नुसती बघायची. एक दिवस काठी टेकत दारात आली.

"अरे, नुसती बोटं हलवताना दिसतोस. वेड्यासारखं दिसतं. ऐकव तरी."

त्यांनी हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला आणि वाजवलं. ताईने मान तिरपी करून ऐकलं.

"बरं आहे," ती मोठ्याने म्हणाली, कान झाकलेली माणसं बोलतात तसं. "हाच का तुझा डबा?"

"नाही. कोणाच्या तरी काकांचा आहे."

"आणि तुझा?"

"तोही आहे यात."

"मग तो लाव की! लोकांचे काका कशाला वाजवतोस?"

त्यांनी बटण फिरवलं. तेच सूर पुन्हा वाजवले. ताईचा चेहरा खुलला.

"अगं बाई! हा किती छान आहे. एकदम स्वच्छ. हा बँडमधला ना? मला आठवतोय हा."

"हो," कवळीवाले म्हणाले.

"हाच वाजवत जा."

ताई काठी टेकत परत गेली. तिने दार ओढल्याचा आवाज येईपर्यंत ते थांबले. मग त्यांनी हेडफोन लावला आणि बटण घड्याळवाल्या काकांवर आणलं.