आत जाणारी हळद

कैलासमामाला "काय चाललंय?" असं कोणी विचारू नये. विचारलंच, तर आधी खुर्ची ओढून बसावं. तो चष्मा वर ढकलतो, डोळे मिटतो आणि स्वतःच स्वतःची तोंडी परीक्षा घ्यायला लागतो. "नॅनो म्हणजे नेमकं काय? तर सूक्ष्म. किती सूक्ष्म? तर इतकं सूक्ष्म की..." इथे अंगठा आणि बोट जवळ येतात, आणि त्या फटीतून तो तुमच्याकडे असा बघतो, जसं काही तुम्हीच तेवढे आहात.

मामा बोरगाव मेघेला खोली करून राहतो. सात वर्षांपासून औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करतो आहे. विषय हळद. हळदीतलं कर्क्युमिन कातडीला चांगलं, पण लावलं की वरच बसून राहतं. म्हणून मामा ते चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत भरतो, म्हणजे आत शिरतं. कोणाच्या आत? तर बकऱ्याच्या. खाटकाकडून आणलेली कानाची कातडी तो काचेच्या नळीवर ताणतो आणि पलीकडे किती उतरलं ते मोजतो. चौदा बकरे झाले. माणूस एकही नाही. माणसाला लावायचं तर समितीची परवानगी लागते, आणि गाईड त्याला अर्जच करू देत नाही. हे मला त्यानेच सांगितलं, समितीला शिव्या घालता घालता.

तर हा माणूस हिंगणीला गोपिकामावशीकडे खुशीताईच्या हळदीला आला. हातात पांढरी डबी, गळ्यात कॅमेरा. डबीवर चिठ्ठी: 'व्यक्ती क्र. १'. लग्न परवावर आलेलं.

"ताई, तुझी ही हळद म्हणजे काय? तर केवळ रंग," मामा मावशीला म्हणाला. "धुतली की मोरीत. माझी आत जाते."

शेजारच्या विमलाबाई आंब्याची पानं घेऊन पाटाजवळ बसल्या होत्या. गावातली कोणतीही हळद त्यांच्या हाताशिवाय लागत नाही. "आत जाऊन काय करते बाप्पा? आत पाह्यले कोण जाते?"

बाया खिदळल्या. मामाने डोळे मिटले. "विमलाबाई, कातडी म्हणजे काय? तर चाळणी. चाळणी म्हणजे काय? तर..."

चाळीस वर्षं गहू चाळलेल्या बाईला तो चाळणी समजावत होता!

पण मावशीला भावाचा भारी अभिमान. "माहा भाऊ डॉक्टर होऊन राह्यला," ती म्हणाली. "पयले त्याचीच लावू." आणि डबी उघडली.

पाटावर बसलेली खुशीताई पांढरी पडली. मागच्या वर्षी पार्लरच्या क्रीमने तिचं तोंड आठ दिवस सुजलं होतं, डोळेसुद्धा उघडत नव्हते. परवा तसं झालं तर? मी तिच्या कानाशी वाकून मामाच्याच आवाजात सांगितलं, "बकरे किती? तर चौदा. माणसं किती? तर शून्य."

ताईने मावशीचा हात वरच्या वर धरला. "मामा, तुम्ही सोताले लावून पाह्यलं?"

"मी? संशोधकाने स्वतःवर प्रयोग का करू नये? तर निष्कर्ष दूषित होतात."

"मंग आज होऊ द्या दूषित," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी चार बोटं डबीत घातली. "मामाले लावल्याबिगर भाचीले कशी लावाव?"

सात वर्षं शिकला, पण एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही, की हळदीच्या मांडवातून कोरड्या तोंडाचं कोणी सुटत नाही. त्यातून नवरीचा मामा! चार बाया उठल्या. मामाची पुस्तकी मराठी जागच्या जागी गळून पडली.

"नाई! विमलाबाई, माह्या तोंडाले नोका लावू! मले मालूम नाई काय होते त्यानं! ताई, सांग नं वं यायले!"

आणि एका हाताने कॅमेरा, दुसऱ्याने चष्मा सांभाळत तो मावशीच्या वांग्याच्या वावरात पळाला. एक चप्पल वावरातल्या पाण्याच्या पाटात राहिली. मी मागून ओरडलो, "पळणं म्हणजे काय? तर..."

मावशी हसली नाही. वावराकडे बघत उभी राहिली. मग तिने डबीचं झाकण गच्च लावलं, ती नेऊन बकरीच्या खुंट्याजवळ ठेवली, हात दोनदा साबणाने धुतले आणि घरात कुटलेल्या हळदीची वाटी आणून स्वतः लेकीच्या गालाला लावली. ताईने डोळे मिटून तोंड पुढे केलं.

फोटोच्या वेळी मामा परत आला. आम्ही सगळे कानापर्यंत पिवळे. तो मधोमध उभा, धुतल्या तांदळासारखा. फोटोवाल्याने विचारलं, "साहेब, तुमाले हळद नाई लागली का?"

मामाने चष्मा वर ढकलला. "लागली नं," तो म्हणाला. "आत गेली."