फळीवर नसलेली बाई

कारखान्यात तिचं काम वाजवण्याचं होतं. भट्टीतून निघालेले कप, बशा, वाडगे गार झाले की ट्रेमधून तिच्या टेबलावर येत. प्रत्येकाला ती लाकडी काडीनं हलकेच टिचकी मारी आणि कान देई. खणखणीत वाजला तर उजवीकडे, बद्द वाजला तर डावीकडे. बद्द वाजणाऱ्या भांड्यात कुठंतरी बारीक तडा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी हातात, गरम चहा ओतल्यावर दिसतो. सगळे तिला नुसतं बाई म्हणत.

हात धुवायच्या टाकीवर एक लांब फळी होती आणि फळीवर माणसं उभी होती. वीतभर उंचीची, मातीची, भाजलेली, रंगवलेली. चाकावर बसणाऱ्याचं पोट चाकावर चढून त्याच्याबरोबर फिरत होतं. झिलईवालीची मान करकोच्यासारखी लांब होऊन स्वतःच्याच बादलीत बुडाली होती. भट्टीवाला आपल्या मिशांनी जमीन झाडत होता. मालकसुद्धा सुटला नव्हता. त्याच्या कमरेच्या किल्ल्या त्याच्याहून मोठ्या होत्या आणि तो त्यांच्यामागून फरफटत चालला होता.

पद्धत अशी होती. माणूस कामावर रुळला की बाकीचे गुपचूप त्याचा बाहुला करत आणि ओला असतानाच फळीवर ठेवत. ज्याचा बाहुला, तो कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा राही, सगळ्यांना शिव्या घाली, सगळे पोट धरून हसत, आणि मग बाहुला पुढच्या भट्टीत जाई. कुणी केला ते विचारायचं नाही, कुणी सांगायचंही नाही. एकदा भाजला की बाहुला कायमचा. माणसं निवृत्त झाली, काही मेली, पण फळीवरून कुणी उतरलं नव्हतं.

बाईचा बाहुला त्या फळीवर नव्हता.

म्हणजे एकदा होता, एक दिवसापुरता. नवऱ्यामागून ती या परक्या मुलखात आली. दोघंही याच कारखान्यात लागली, तो माल बांधायला आणि ती वाजवायला. वर्ष पुरं व्हायच्या आत तो छातीत कळ येऊन गेला. मूलबाळ नव्हतं. मागं परत जाण्यासारखं घरही उरलं नव्हतं, म्हणून ती राहिली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी ती हात धुवायला गेली, तर फळीवर ती स्वतः उभी. एक कान सुपाएवढा, कानाच्या भारानं अंग एका बाजूला कललेलं, आणि त्या कानाशी धरलेला एक इवलासा कप. मागं सगळे दबा धरून उभे होते, तोंडावर हात ठेवून.

तिच्या माहेरी आणि सासरी चित्र असायचं ते देवाचं, नाहीतर गेलेल्या माणसाचं. जित्या माणसाला कुणी असं मातीत उभं करत नसे. थट्टा मात्र पोटभर चाले, तोंडावर, सगळ्यांदेखत. पण ती करायची तर नातं लागे. दिरानं करावी, नणंदेनं करावी, मेव्हण्यानं करावी. परक्यानं केली तर तिला थट्टा म्हणत नसत. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा नणंद पहिल्याच दिवशी ओसरीवर ओरडली होती, ‘‘माझा भाऊ मडकं घ्यायला गेला तर दहा ठिकाणी हिंडतो, आणि बायको बघा, पहिल्या दुकानातून उचलून आणली!’’ आणि डोक्यावरचा पदर सावरत तिनं उत्तर दिलं होतं, ‘‘तुमच्या ह्यांनी दहा दुकानं हिंडून काय आणलं ते बघतेच आहे की, वन्सं.’’ त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

तिनं फळीवरचा तो कान नीट पाहिला. ती वळली आणि तिथल्या भाषेत, जेवढी येत होती तेवढ्या भाषेत, म्हणाली, ‘‘तुम्ही माझे कोण? कोणत्या नात्यानं हसता?’’

मग तिनं तो बाहुला उचलला आणि वाया गेलेली माती भिजत घालायच्या पिंपात सोडला. आधी कान सुटला. जेवायच्या सुट्टीपर्यंत त्याचा चिखल झाला होता.

दुसऱ्या दिवशी भट्टीवाल्यानं सगळ्यांच्या वतीनं माफी मागितली. खाली बघत, टोपी हातात धरून. ‘‘पुन्हा होणार नाही, बाई,’’ तो म्हणाला. आणि तो शब्दाचा पक्का होता. सगळेच होते. इतकी वर्षं झाली, पुन्हा झालं नाही. ते एकमेकांच्या चपला लपवत, एकमेकांच्या डब्यात ओल्या मातीचे गोळे ठेवत. तिचा डबा जिथं ठेवला तिथंच सापडे. ती आत आली की चाललेला विनोद नळ बंद केल्यासारखा थांबे. कुणीतरी उठून तिला खुर्ची देई.

सुरुवातीला तिला ते बरं वाटलं. मान राखतात, ती स्वतःला सांगे. मग वर्षामागून वर्षं नवी माणसं येत गेली, त्यांचे बाहुले होत गेले, आणि शिव्या घालताना त्यांचे डोळे कसे भरून येतात ते ती आपल्या टेबलावरून बघत राहिली. बाहुला नसलेलं कारखान्यात आणखी एकच माणूस होतं. हिशेब बघणारा मुनीम. तो चहाडखोर होता आणि त्याच्याशी कुणी बोलत नसे. फळीच्या बाबतीत आपण मुनीमाच्या पंगतीला बसलो आहोत हे तिच्या एक दिवस लक्षात आलं, आणि त्या दिवशी तिनं कितीतरी चांगले कप डावीकडे ठेवले.

झिलईवाली एकदा सहज बोलून गेली होती, ‘‘तुमचा जरा लवकरच केला होता, बाई. नवरा गेला तुमचा, एकट्या पडलात. म्हटलं, आता ही आपली.’’

 बाईनं पुढचा वाडगा ओढून घेतला.

नणंद होती तोवर हे सगळं चालून गेलं. दर रविवारी फोन येई आणि हॅलो म्हणायच्या आत सुरू होई, ‘‘काय गं राणीसरकार, वाजवून वाजवून दमलीस का? की अजून एखादं फुटायचं बाकी आहे?’’ बाई तिला टवळी म्हणे, भवानी म्हणे, आणि फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ ओठ हसलेलेच राहत. गेल्या हिवाळ्यात नणंद गेली. भाच्यानं फोन करून सांगितलं, फार अदबीनं, मामी मामी करत. फोन ठेवून ती खिडकीपाशी बसली आणि तिच्या ध्यानात आलं की आता आपल्याला हसणारं माणूस या पृथ्वीवर कुठंच नाही. रडणारी कदाचित निघतील एक-दोन. हसणारं नाही.

त्यातच मालकानं सांगितलं, ‘‘बाई, वय झालं. महिनाअखेर थांबू या आता.’’

आता फळीवर जायचं तर एवढेच दिवस होते. पण माझा बाहुला करा असं म्हणायचं कसं? मागून घ्यायची ती गोष्ट नव्हती. स्वतःचा स्वतः करायचीही पद्धत नव्हती.

म्हणून तिनं आपल्याला येत होतं तसं करून पाहिलं. एका सकाळी भट्टीवाला ट्रे घेऊन आला, तेव्हा मनाशी हिय्या करून ती म्हणाली, ‘‘काय हो भट्टीवाले, मिशा वाढवताय की झाडू विकायला काढणार आहात?’’

भट्टीवाल्यानं ट्रे खाली ठेवला. मिशांना हात लावला. ‘‘केस पडतात का भांड्यात?’’ तो काळजीनं म्हणाला.

‘‘नाही हो, मी आपलं सहज...’’

‘‘नाही, नाही, सांगितलंत ते बरं केलंत.’’

दुसऱ्या दिवशी तो मिशा कातरून आला. वरच्या ओठावर उंदराच्या शेपटीएवढी रेघ उरली होती. सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईकडे, आणि कुणीही हसलं नाही. तोंडावर बोललेलं इथं हसण्यावारी नेत नसत. इथं ते खरं मानत.

मग उरली होती ती त्यांचीच रीत. दुपारी सगळे चहाचे कप घेऊन अंगणात उन्हाला गेले, तेव्हा बाई आत राहिली. भिजल्या मातीचा गोळा घेऊन ती टेबलाशी बसली. आयुष्यभर तिनं मातीची भांडी हाताळली होती, पण ती भाजून झाल्यावर. ओली माती हाताला चिकटली तेव्हा तिला ती जिवंत जनावरासारखी वाटली. तिनं भट्टीवाला केला. दिवसभर आगीच्या तोंडाशी उभा राहणारा हा माणूस गरम चहा पिऊ शकत नसे. फुंकून फुंकून, कोमट करून, सगळ्यांच्या शेवटी पीत असे. तिनं त्याचे गाल फुग्यासारखे केले, इतके की डोळे त्यांच्यामागं गेले. हातात बोटाच्या पेराएवढा कप. फुंकरीच्या जोरानं कपातला चहा उडून त्याच्याच टोपीवर पडलेला. करता करता तिला एकटीला हसू फुटलं. आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

सकाळी टाकीपाशी जी हसण्याची उकळी फुटली ती थांबेना. चाकवाला भिंतीला टेकून खाली बसला. भट्टीवाला कमरेवर हात ठेवून गरजला, ‘‘कोण रे तो मेला? एकदा झालाय ना माझा? एकाच माणसाला दोनदा फासावर देतात का?’’

‘‘ही झिलईवालीच!’’ चाकवाला डोळे पुसत म्हणाला. ‘‘ते गाल दुसऱ्या कुणाला जमायचे नाहीत.’’

‘‘मी नाही हं, शप्पथ!’’ झिलईवाली हसत म्हणाली. जो तो नाहीच म्हणत असे, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. ‘‘काय हात आहे गं तुझा,’’ म्हणून कुणी तिच्या पाठीवर थाप मारली.

बाई मागं उभी राहून हसत होती. अगदी मनापासून, सगळ्यांबरोबर. तेवढ्यात कुणाचं तरी लक्ष गेलं आणि माणसं बाजूला सरकली. ‘‘बाई, तुम्हाला दिसत नाहीये का? या ना, पुढं या.’’

ती पुढं गेली आणि आपण केलेला बाहुला पाहुण्यासारखा बघून परत आली.

शेवटच्या दिवशी मालकानं सगळ्यांना चहाला बोलावलं आणि तिला एक मोठा वाडगा दिला, निळ्या झिलईचा, भट्टीतून निघालेला त्या वर्षातला सर्वांत देखणा. ‘‘बाईंसारखं माणूस मिळणार नाही,’’ मालक म्हणाला. ‘‘इतक्या वर्षांत कुणाशी वावगा शब्द नाही.’’ सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या. तिनं काहीतरी बोलावं म्हणून सगळे वाट बघत राहिले.

तिनं वाडगा टेबलावर ठेवला. ‘‘तो चहा पिणारा,’’ फळीकडे बोट करून ती म्हणाली, ‘‘मी केलाय.’’

सांगायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. पण न सांगता गेली असती तर त्यांच्या लेखी दारातून कुणीच बाहेर पडलं नसतं.

सगळे फळीकडे वळले. मग झिलईवाली म्हणाली, ‘‘खरंच? सुंदर जमलाय हो.’’

‘‘कला आहे तुमच्या हातात,’’ मालक म्हणाला. ‘‘इतकी वर्षं कळलंच नाही आम्हाला.’’

‘‘गाल तर फारच छान,’’ चाकवाला म्हणाला.

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. सगळी तोंडं प्रेमळ होती, स्वच्छ धुतलेली.

‘‘साफ खोटं आहे ते,’’ भट्टीवाला म्हणाला. तो किटलीपाशी उभा होता आणि त्याच्या हातातल्या कपातून वाफ निघत होती. ‘‘मी गरम चहा पितो.’’ सगळ्यांदेखत त्यानं एक मोठा घोट घेतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याचे डोळे मोठे झाले, कप खाली आदळला, आणि तो जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी वारा घालत गोल फिरू लागला. कारखाना हसण्यानं दणाणला.

‘‘हसा, हसा!’’ तो बोबडं बोलत ओरडला. मग बाईकडे वळला. ‘‘आधी मिशा खाल्ल्यास, आता जीभ! बरं झालं बये, चाललीस ते. अजून महिनाभर राहिली असतीस तर मुंडकं मागितलं असतंस माझं!’’

आता सगळे तिला हसत होते. तिच्याकडे बोट दाखवून, तिच्या तोंडावर. झिलईवालीनं तर तिचा खांदाच गदागदा हलवला. बाईच्या तोंडाशी उत्तर आलं, तयार, तिच्या स्वतःच्या भाषेत, ओसरीवर यायचं तसं. ते तिथल्या भाषेत कसं म्हणायचं याची ती जुळवाजुळव करू लागली. एक शब्द सापडेना. तो सापडला तेव्हा दुसरा निसटला. तोवर हसू ओसरलं, भोंगा झाला, माणसं हात धुवायला टाकीकडे वळली, आणि मालक तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.

बसथांब्यावर एक माणूस बाकावर बसून होता. वाडगा पोटाशी धरून बाई त्याच्याशेजारी उभी राहिली. आता सगळे शब्द जागेवर होते.

‘‘तुमचं मुंडकं घेऊन काय करू हो, भट्टीवाले?’’ ती मोठ्यानं म्हणाली. ‘‘रिकामी भांडी माझ्या घरात काय कमी आहेत?’’

त्या माणसानं वर पाहिलं. मग तो अदबीनं सरकला आणि त्यानं तिला बसायला जागा करून दिली.