सुईवरचं नाणं

मानपाड्याच्या त्या दोन खोल्यांत रचना सून म्हणून आली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. ठाण्यातल्या पंख्यांच्या कारखान्यात तिचं काम असं, की तयार पंखा फिरवायचा आणि तो कुठे थरथरतो ते शोधायचं. त्यामुळे लग्नानंतर घरात आल्याआल्या तिची नजर गेली ती कपाटावरच्या रेकॉर्ड प्लेअरवर. लाकडी पेटीचा, सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तरुणपणी घेतलेला. पण घर नवं, माणसं नवी. स्वयंपाकघरातला मिठाचा डबासुद्धा तिने अजून जागचा हलवला नव्हता, तर प्लेअरला हात कुठून लावणार?

संधी आली ती सासूबाईंमुळे. भीमाबाई सतरा वर्षांच्या असताना खडवलीच्या एका गायन पार्टीत होत्या आणि त्या पार्टीची भीमगीताची छोटी रेकॉर्ड निघाली होती. दुसरं कडवं भीमाबाईंनी एकटीने म्हटलेलं. पुढे लग्न, मुलगा, कंपनीतलं पॅकिंगचं काम, आणि गाणं मागे पडलं. यंदा विहारातल्या बायकांनी ठरवलं, बुद्धपौर्णिमेला मुलींकडून तेच गाणं बसवून घ्यायचं आणि शिकवायचं भीमाबाईंनी. त्या हो म्हणून आल्या आणि घरी आठवायला बसल्या, तर दुसऱ्या कडव्याची चालच सापडेना. शब्द सगळे होते. चाल मात्र मध्येच पहिल्या कडव्याकडे पळायची.

नेटवर गाणं नव्हतं. रेकॉर्ड काढणारी कंपनी कधीच बंद झालेली. उरली घरातली एकुलती एक तबकडी. ती लावली की नुसती घरघर, आणि तिच्याखाली विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज.

"नाही म्हणून सांगते त्यांना," भीमाबाई म्हणाल्या. "पोरींपुढे चाचपडत कशाला बसू?"

"आई, थोडे दिवस द्या मला," रचना म्हणाली.

तिने पेटी उघडली. मोटरखालचे रबराचे तुकडे सुकून दगड झाले होते, त्यामुळे मोटर सगळी पेटीच हलवत होती. मऊ रबर घातल्यावर घरघर निम्म्याने उतरली. उरली ती धप्‌धप् बाहेरची. मागच्या गाळ्यात पत्रा कापायची प्रेस होती, तिचा धक्का जमिनीतून थेट सुईपर्यंत पोचत होता. मग रचनाने सायकलची ट्यूब अर्धवट फुगवली, तिच्यावर जेवायचा पाट ठेवला आणि पाटावर प्लेअर बसवला. तिच्या नवऱ्याने, सम्यकने, विचारलंच, पंक्चर झालं तर प्लेअर न्यायचा कुणाकडे. शेवटी तिने हलक्या दाबावर चालणारी नवी सुई आणली आणि छोट्या वजनकाट्यावर मोजून तो दाब नेमका लावला. प्रत्येक वेळी आवाज तपासला तो आबांच्या जुन्या सिनेमाच्या रेकॉर्डींवर. जड सुई तबकडी खरवडते, म्हणून सासूबाईंची रेकॉर्ड तिने बाजूलाच ठेवली होती.

पण एक गोष्ट होती. सुईच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटपट्टीने लावलेलं होतं. कामापुरतं रचनाने ते काढलं आणि काम झाल्यावर पुन्हा होतं तसं लावलं. नाण्याने दाब वाढणार हे तिला कळत होतं. पण पट्टीवर पट्टी, जुन्या पिवळ्या पट्टीवर नवी, असं कुणीतरी वर्षानुवर्षं ते जपलं होतं. पहिल्या पगारातलं असेल, कुण्या गेलेल्या मित्राचं असेल. नव्या सुनेने विचारायचं तरी कसं? एवढंसं नाणं, चालून जाईल, असं तिने स्वतःलाच समजावलं.

चाललं नाही. घरघर गेली, पण गाण्याच्या शब्दांत 'स' आला की कापड फाडल्यासारखा आवाज. भीमाबाईंनी दारातूनच ऐकलं आणि आत गेल्या. रविवारी दुपारी मुली विहारात जमणार होत्या.

त्या रविवारी सकाळी रचना प्लेअरसमोर बसली होती. आबा शेजारी चहा पीत होते. त्यांनी जरा बिचकतच विचारलं, "रचना, नव्या सुईलापण नाणं लागतं का गं?"

"ते तुमच्या आठवणीचं आहे ना, आबा?"

"कसली आठवण! खडवलीला राहायचो तेव्हा घरामागून मालगाडी गेली की सुई उडायची, म्हणून चिकटवलेलं. पट्टी सुटली की नवी लावायचो, सवयीने. तू परत लावलंस, मला वाटलं इंजिनिअर आहे, लागत असेल."

"आणि मला वाटलं, तुमचं आहे, काढायचं कसं."

आतून भीमाबाईंचा आवाज आला, "राखा दोघं एकमेकांचा मान. माझं गाणं तेवढं बुडवा."

नाणं निघालं. सिनेमाचं गाणं लावलं, 'स' स्वच्छ. मग भीमाबाई स्वतःची तबकडी स्वतः घेऊन आल्या, पदराने पुसायला लागल्या तेव्हा रचनाने हळूच मऊ ब्रश पुढे केला.

ढोलकी वेगळी ऐकू आली, झांज वेगळी. मग पार्टीतले बाकी सगळे थांबले आणि सतरा वर्षांची एक मुलगी गायला लागली. आबांनी कप खाली ठेवला. भीमाबाई मात्र चुकलेला रस्ता शोधावा तशा मान खाली घालून ऐकत होत्या. तिसऱ्या ओळीला त्यांचं बोट वर झालं.

"इथं खाली उतरायचं होतं. मी इतके दिवस वर शोधतेय."

"पुन्हा लावू?"

"नको. आली."

दुपारी विहारात त्यांनी ते कडवं म्हटलं. रेकॉर्डपेक्षा आवाज जाडा, पट्टी खालची. पहिलीच मुलगी तिसऱ्या ओळीला वर गेली. भीमाबाईंनी तिला थांबवलं, "वर नाही गं बाळा, खाली," आणि पुन्हा गाऊन दाखवलं. दाराशी बसलेल्या रचनालाही एव्हाना चाल पाठ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी रचनाने मिठाचा डबा उचलून शेगडीजवळ ठेवला. भीमाबाई गुणगुणत आल्या आणि भाजीत मीठ घालून त्यांनी डबा तिथेच परत ठेवला.